बाजाराच्या दिवसाची सुई

माझ्या हातांना लोक भ्यायला लागले, तेव्हा मी मानवतजवळच्या एका गावात उपकेंद्रावर नर्स होते. बाळंतपणं करायची, लेकरांना लस टोचायची, घरोघर फिरून गरोदर बायांची विचारपूस करायची, हे माझं काम. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. अधूनमधून शांत व्हायचा, पुन्हा भडकायचा. माझा नवरा एसटीत कंडक्टर. मानवतला आम्ही एका खोलीत भाड्यानं राहायचो. लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

नर्सिंग शिकत असतानाच कोपरांवर लाल चट्टे उठले होते. वर पांढरे पापुद्रे. मला वाटलं गजकर्ण असेल. मलमं लावली, कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळी केल्या. चट्टे कमी व्हायचे, पुन्हा यायचे. पुढं ते तळहातांवर उतरले. नखांना बारीक खड्डे पडले, जात्याला टाकी लावल्यासारखे.

गावाच्या कडेला मेंढ्या राखणाऱ्यांची काही घरं होती. तिथल्या एका सुनेचं बाळंतपण मीच केलं होतं. तिसऱ्या दिवशी बाळाची नाळ बघायला गेले. काळ्या घोंगडीवर बाळ निजलेलं. मी नाळ बघून हात मागं घेतला आणि घोंगडीवर माझ्या हाताचा कोंडा पडलेला दिसला. काळ्यावर पांढरा, लपायला जागाच नव्हती. बाळाच्या आजीनंही तो पाहिला. तिनं बाळ उचललं आणि पदराखाली घेतलं.

"बाई, राग नका येऊ देऊ," ती म्हणाली, "पर लेकराला हात नगा लावू."

"मावशे, हे दुसऱ्याला लागत न्हाई."

"नसंल. पर नगाच लावू."

ती वाईट बाई नव्हती. भाकरी खाऊन जा म्हणाली. मी खाल्ली नाही.

त्यानंतर गावात महारोग हा शब्द फिरायला लागला. कुष्ठरोगाची तपासणी करणारे एक गृहस्थ महिन्याला गावात यायचे. मी स्वतःहून त्यांच्यासमोर हात धरले. त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा चट्ट्यांवरून फिरवला. प्रत्येक वेळी मला कळलं. ते चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "सिस्टरला तो रोग नाही." लोकांनी ऐकून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी शाळेत लस टोचायला गेले, तर तिथल्या माठावर माझ्यासाठी पेला वेगळा ठेवलेला होता.

मग सांधे धरले. सकाळी उठले की बोटं रताळ्यांसारखी सुजलेली असायची. साडीच्या निऱ्या होईनात. ब्लाऊजची बटणं नवरा लावायचा, दुसरीकडं बघत, म्हणजे मला लाज वाटू नये. स्टोव्हला पंप मारताना मनगटातून कळ निघायची. हे सगळं मी सोसलं असतं. पण एका बाळंतपणात नाळ बांधायची वेळ आली आणि माझ्या बोटांना दोऱ्याची गाठच आवळेना. बाळ रडत होतं, नाळ निसटत होती, मी गाठ मारते आणि ती सुटते. शेवटी गावच्या दाईनं माझ्या हातातून दोरा घेतला आणि बांधला. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. मी मात्र घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "ह्या हातानं आता एखादं लेकरू मरंल."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही परभणीला गेलो. तिथं कातडीच्या रोगांचे एक डॉक्टर नव्यानं आले होते. वयानं तरुण, बोलायला हळू. त्यांनी माझी नखं खिडकीच्या उजेडात बघितली, एकेक बोट दाबलं.

"सिस्टर, हा सोरायसिस आहे," ते म्हणाले. "आणि त्याच आजारानं सांधेही धरलेत. नुसत्या मलमानं हे आवरणार नाही. असंच राहिलं तर बोटं वाकडी होतील आणि मग सरळ होणार नाहीत."

"मग?"

"एक इंजेक्शन आहे. आठवड्यातून एकदा." त्यांनी नाव सांगितलं. मेथोट्रेक्सेट.

ते नाव मला ठाऊक होतं. शिकत असताना वॉर्डात कॅन्सरची एक बाई होती, तिला ते द्यायचे. तिचे केस उशीवर गुंत्यांनी पडलेले मी झाडले होते. तिच्या तोंडात इतके फोड आले होते की पाणी पिताना ती डोळे घट्ट मिटायची.

"ते तर कॅन्सरचं औषध हाय," मी म्हणाले. "आमच्या वॉर्डातल्या एका बाईला द्यायचे."

नवऱ्यानं एकदम माझ्याकडं पाहिलं.

"कॅन्सरला खूप मोठ्या मात्रेत देतात. तुम्हाला अगदी थोडं द्यायचं," डॉक्टर म्हणाले. "पण मी खोटं सांगणार नाही. हे जपून द्यायचं औषध आहे. रक्त तपासत राहावं लागेल, लिव्हर बघावं लागेल. आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. चुकून रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. ताप आला, तोंड आलं, तर सुई थांबवायची आणि मला गाठायचं." मग नवऱ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

"न्हाई अजून," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे औषध चालू असताना दिवस जाता कामा नयेत. गर्भ राहत नाही, किंवा राहिला तर बाळात व्यंग येऊ शकतं. मूल हवं असेल तेव्हा आधी औषध बंद करायचं, काही महिने जाऊ द्यायचे, मग."

"मंग आधी मूल हूं द्यावं का?" नवऱ्यानं विचारलं.

"तसंही करता येईल. पण तोवर हातांचं काय होईल, ते मी सांगू शकत नाही."

बाहेर कोणाचं तरी लेकरू खोकत होतं. डॉक्टरांनी घाई केली नाही. शेवटी नवराच म्हणाला, "आधी हिचे हात बघा."

छातीचा फोटो निघाला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. चिठ्ठी मिळाली. परतीच्या एसटीत तो नेहमीसारखं कंडक्टर मित्राशी बोलला नाही. माझ्या शेजारी बसून राहिला. पेडगाव मागं पडल्यावर म्हणाला, "त्या कॅन्सरच्या बाईचं काय झालं पुढं?"

"ती गेली," मी म्हणाले.

सुई आरोग्य केंद्रात जाऊन घेतली असती तर औषधाचं नाव दुपारपर्यंत गावात पोचलं असतं. महारोगाची शंका अजून पुसली नव्हती, त्यात कॅन्सर आणि कशाला. म्हणून ती घरीच घ्यायची ठरली. पण शेकडो लेकरांना टोचलेल्या माझ्या हाताला आता काचेच्या सिरिंजचा दट्ट्या दाबवत नव्हता. नवऱ्याला शिकवावं लागलं. तो रक्ताला भिणारा माणूस. मी त्याला मोसंब्यावर टोचायला लावलं. मोसंब्याच्या रसानं ओट्यावर चिखल झाला, तरी त्याची सुई तिरकीच जायची.

वार चुकू नये म्हणून आम्ही मानवतच्या बाजाराचा दिवस धरला. बाजाराचा दिवस कोणी विसरत नाही. त्या दिवशी सकाळी मी सिरिंज उकळली. औषध पिवळं होतं, हळदीच्या पाण्यासारखं. कितव्या रेघेपर्यंत ओढायचं ते मी बोट ठेवून दाखवलं, आणि तरी त्यानं तीनदा विचारलं, "बरूबर हाय ना? जास्त न्हाई ना झालं?" मी मांडी पुढं केली. त्यानं डोळे मिटले.

"अहो, डोळे उघडे ठेवा!"

"ठिवले, ठिवले."

सुई गेली. दुखली नाही. मला मात्र वाटलं, आता हे बाहेर काढता येणार नाही. ते औषध रक्तातून कुठं कुठं जाईल, काय काय धरील, याचा विचार करत मी दिवसभर आरसा घेऊन तोंडात फोड शोधत होते. दुसऱ्या दिवशी मळमळलं. फणीत केस आले. केस तर आधीही यायचे, पण आता एकेक केस मी बोटाला गुंडाळून बघत बसायची.

हळूहळू गुण आला. आधी सकाळचं आखडणं कमी झालं. मग एके दिवशी निऱ्या माझ्या मलाच झाल्या. तळहातांचे पापुद्रे गळून खालची कातडी गुलाबी निघाली, भाजून बरी झाल्यासारखी. गावातल्या बाया माझ्या हाताकडं नुसत्या बघायच्या. एकीनं मात्र लेकरू सरळ माझ्या मांडीवर दिलं आणि ती पाणी आणायला आत गेली. लेकरू माझ्याकडं बघून हसलं. मला त्याला घट्ट धरायचं होतं, पण मी त्याला फक्त मांडीवर तोलून बसले.

रक्ताच्या तपासण्या ठीक येत होत्या. डॉक्टर खूश होते. उपकेंद्रातून मी गावाला निरोध वाटायची, तेच आम्हीही वापरत होतो. काळजीचं काही कारण नाही असं वाटायला लागलं, आणि त्याच महिन्यात माझी पाळी चुकली.

पहिले काही दिवस मी स्वतःला समजावलं. औषधानं मागंपुढं होत असेल, धावपळ फार झाली असेल. दुसऱ्यांच्या पाळीच्या तारखा मी तोंडपाठ सांगायची, आणि स्वतःची तारीख मात्र पुन्हा पुन्हा चुकीची आठवायचा प्रयत्न करायची. बाजाराचा दिवस आला. नवऱ्यानं सिरिंज उकळून ठेवली.

"आज नको," मी म्हणाले.

"का? तोंड आलं का?"

"तोंड न्हाई आलं." मग सांगितलं.

तो पाटावर बसला. ज्या माणसानं किती वर्षं मुलाची वाट बघितली, त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा ही बातमी ऐकून भीती बघितली. आपल्याच हातानं दर आठवड्याला टोचलेली सुई त्याला आठवत असणार. मला तर तेच आठवत होतं. तो म्हणाला, "मीच दिली की गं सुई." मी म्हणाले, "रेघ मीच दाखवली."

आणखी एक बाजार गेला. पाळी आली नाही. परभणीला जाऊन लघवी तपासायची ठरवली, तर नामांतरावरून पुन्हा बंद पुकारला गेला. एसटी आगारातच थांबल्या. आदल्या दिवशी नवऱ्याच्या गाडीवर दगड आले होते. काच फुटली, कोणाला लागलं नाही. पण काही वर्षांपूर्वी गावं जळालेली ती पहिली दंगल सगळ्यांना आठवत होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बाया तर सामान बांधून बसल्या होत्या. माझ्याकडं औषधाला आलेली एक म्हणाली, "बाई, आमी आज रानात झोपायलो."

थांबणं मला शक्य नव्हतं. आम्ही सायकलवर डबलसीट मानवत रोड स्टेशन गाठलं. पहाटेची लघवी मी औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरून पिशवीत उभी ठेवली होती. पॅसेंजर उशिरा आली. डब्यात मोजकी माणसं होती. प्रत्येक स्टेशनवर सगळे खिडकीतून फलाटाकडं बघायचे आणि गाडी हलली की मागं टेकायचे.

परभणीला उतरलो तर फाटकाशी पोलीस सगळ्यांच्या पिशव्या बघत होते. त्या दिवसांत बाटली म्हणजे रॉकेल, नाहीतर ॲसिड. हवालदारानं माझ्या पिशवीत हात घातला आणि बाटली वर काढली.

"काय हाय हे?"

मागं रांग उभी होती. हवालदारानं बाटली हलवली, उजेडात धरली आणि बूच काढायला लागला.

"लघवी हाय, साहेब," मी म्हणाले. "तपासायला नेतेय."

"कोणाची?"

"माझीच."

त्यानं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यात काय दिसलं कोण जाणे, पण तो हसला नाही. बूच परत दाबून त्यानं बाटली माझ्या हातात दिली. "जावा. गल्लीबोळातनं जावा, मोठ्या रस्त्यानं नगा," म्हणाला.

सगळी दुकानं बंद. कुठूनतरी घोषणा ऐकू यायच्या आणि आम्ही भिंतीला लागून उभे राहायचो. डॉक्टरांचा दवाखाना बंद होता, म्हणून घरी गेलो. त्यांनी दार किलकिलं करून पाहिलं, मग आत घेतलं. मी सांगत असताना त्यांचा चेहरा उतरत गेला. तिथं मला खरी भीती वाटली. तोवर कुठंतरी वाटत होतं की डॉक्टरला यावर काहीतरी ठाऊक असेल.

त्यांच्या शेजारीच बायकांच्या एक डॉक्टर राहायच्या. बाटली घेऊन तेच तिकडं गेले. आम्ही त्यांच्या बैठकीत बसलो. त्यांच्या आईनं चहा आणून ठेवला. तो तसाच थंड झाला. डॉक्टर परत आले ते त्या बाईंना घेऊनच.

"दिवस आहेत," त्या म्हणाल्या. माझ्याशेजारी बसल्या आणि माझा हात हातात घेतला. "तुम्ही नर्स आहात, म्हणून सरळ बोलते. सुरुवातीच्याच दिवसांत हे औषध पोटात गेलंय. गर्भ नीट असेल असं मी म्हणू शकत नाही. नीट नसेलच, असंही म्हणू शकत नाही. मी पिशवी साफ करायचा सल्ला देईन. पण ते तुम्ही दोघांनी ठरवायचं."

"कधीपर्यंत ठरवायचं?" नवऱ्यानं विचारलं.

"लवकर. बंद संपला की या."

आम्हाला ठरवावं लागलं नाही. घरी आल्यावर चौथ्या का पाचव्या दिवशी सकाळी भाकरीचं पीठ मळत असताना ओटीपोटात कळ आली. काय होतंय ते मला लगेच कळलं. कितीतरी बायांजवळ मी अशा वेळी बसले होते. नवरा कामावर गेला होता, गाड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मी घरमालकिणीला हाक मारली, जुनं लुगडं मागितलं आणि ती आत आल्यावर दार लावून घेतलं. ती माझी पाठ चोळत बसली. मी खाली बघितलं नाही. नर्स असून बघितलं नाही. नीट होतं की नव्हतं, हे मला कळून घ्यायचं नव्हतं.

संध्याकाळी तो आला. मी सांगितलं. तो भिंतीकडं तोंड करून रडला. मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्या सुटकेचीच शिसारी येत होती. औषधानं गेलं का असंच गेलं, हे मी पुढं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही, सिस्टर. दोन्ही असू शकतं."

सुई बंद केली. नकोच ते, म्हटलं. त्या वर्षीची थंडी येईपर्यंत हात पुन्हा पहिल्यासारखे झाले, उलट जास्तच. उजव्या हाताची दोन बोटं वाकली ती आजतागायत सरळ झालेली नाहीत. अंगभर चट्टे उठले, झोपून उठलं की चादरीवर पापुद्रे. रजा संपत आल्या. शेवटी मी स्वतःच परभणीला गेले आणि म्हणाले, सुई द्या, पण आधी तांबी बसवा. शेजारच्या डॉक्टरबाईंनी तांबी बसवली, मगच सुई सुरू झाली. तरीही दर महिन्याला पाळी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

दोन-अडीच वर्षं अशी काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता थांबवून बघू या." सुई थांबली. काही महिने जाऊ दिले, मग तांबी काढली. हात पुन्हा बिघडतात की आधी दिवस जातात, अशी ती शर्यत होती. हात बिघडायला लागलेच होते, तेवढ्यात दिवस गेले. आणि नवल म्हणजे पोट वाढेल तसे चट्टे मावळत गेले. असं काही बायांचं होतं, डॉक्टर म्हणाले. मला त्याचीसुद्धा भीती वाटायची. ते जुनं औषध अजून कुठंतरी हाडात दडून तर राहिलं नसेल, असं वाटायचं. डॉक्टर म्हणायचे, ते केव्हाच गेलं. मी मान हलवायची आणि घरी येऊन व्यंग असलेली जेवढी बाळं पाहिली होती, ती सगळी आठवत बसायची. नवरा पोटावर हात ठेवायचा नाही. कधी ठेवलाच तर लगेच काढून घ्यायचा.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाले. बाळ रडलं. तिथली सिस्टर म्हणाली, "मुलगी झाली, बाई." मी म्हणाले, "बोटं बघा. टाळू बघा. पाठ बघा." तिला वाटलं मला भ्रम झालाय. ती म्हणाली, "सगळं हाय, बाई, सगळं हाय." माझा विश्वास बसला नाही. मी ते ओलं लेकरू छातीवर घेतलं आणि स्वतः एकेक बोट उघडून बघितलं. पाठीच्या कण्यावरून हात फिरवला. तोंडात बोट घालून टाळू चाचपली. मग बाहेर निरोप धाडला, की सगळं नीट हाय. नवरा आत आला. त्यानं लेकीकडं न बघता आधी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग खाली बसला.

महिना होतो न होतो, तोच रोग परत आला, राहिलेलं सगळं वसूल करायला आल्यासारखा. लेक अंगावर पीत होती तोवर सुई घेता येत नव्हती. औषध दुधातून जातं. मी लेकीला पंजांनी उचलू शकत नव्हते, दोन्ही हातांच्या कोपरांच्या खोबणीत घेऊन बसायची. अंघोळ नवरा घालायचा. मी दारात बसून सांगायची, मान धरा, कानात पाणी जाऊ देऊ नका. ती हातातून निसटेल या भीतीनं मी तिला उभ्यानं कधी घेतलंच नाही.

दहाव्या महिन्यात तिचं अंगावरचं दूध तोडायचं ठरवलं. छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावला. लेक तोंड लावायची, कडू लागलं की मान फिरवून माझ्याकडं बघायची आणि पुन्हा लावायची. हे मी केलंय हे तिला कळत नव्हतं. ती माझ्याकडंच तक्रार करायची. काही दिवसांनी तिनं नाद सोडला आणि वाटीतलं दूध घ्यायला लागली. दूध आटलं, तांबी बसली, तेव्हा बाजाराच्या एका सकाळी स्टोव्हवर सिरिंज ठेवली. नवऱ्यानं औषधाची बाटली उजेडात धरली.

"कितव्या रेघंला?" त्यानं विचारलं.

मी वाकड्या बोटानं रेघ दाखवली. लेक पाटाला धरून उभी होती, उकळत्या पाण्याकडं बघत. "हिला आधी तिकडं न्या," मी म्हणाले. तो तिला घरमालकिणीकडं ठेवून आला, दार लोटलं आणि सुई भरली.